चांगला डोळा झाकायचा

मनूच्या डाव्या डोळ्याला जेमतेम दिसतं हे आम्हाला कळलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तोवर तिच्या दिसण्यात कुणालाच काही उणं वाटलं नव्हतं, तिला स्वतःला तर नाहीच नाही. फरशीवर सांडलेला साखरेचा दाणा ती बसल्या जागेवरून दाखवायची. टीव्हीला चिकटून बसत नव्हती, डोळे चोळत नव्हती, डोकं दुखतंय म्हणत नव्हती, डोळा तिरळा नव्हता. उजवा डोळा चोख होता आणि दोघांचं काम तो एकटाच उरकत होता.

मी साताऱ्यात एका ऑफसेट छापखान्यात मशीनवर असतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर मनूला माझी आई सांभाळते. त्या आठवड्यात आई एका लग्नासाठी कोरेगावला गेली होती, म्हणून बायको मनूला आपल्या शाळेत घेऊन गेली आणि नेमकं त्याच दिवशी तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. २०१३ साली सुरू झालेली ही सरकारी योजना. पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतं. वजन-उंची, दात, कान, हृदय, डोळे असं सगळं बघतं. पथकातल्या ताईंनी मनूलाही हौसेने रांगेत उभं केलं. डावा डोळा झाकला तर मनूने समोरच्या तक्त्यावरची चित्रं धडाधड सांगितली. उजवा झाकल्यावर तिने ताईंचा हात बाजूला सारला. पुन्हा झाकला, पुन्हा सारला, मग रडायलाच लागली. बायकोला वाटलं, पोरगी लाजतेय. ताई म्हणाल्या, "बाई, ही लाजत नाहीये. हात ठेवला की हिला दिसायचं बंद होतंय, म्हणून काढतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांचे डोळे बघणारे असतील तर फारच बरं."

या शेवटच्या वाक्याचं मोल आम्हाला पुढच्याच आठवड्यात कळलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे टॉर्च मारून पाहिलं, मनूने डोळे गच्च मिटले, आणि "मूल सहकार्य करत नाही, सात-आठ वर्षांची झाली, अक्षरं वाचायला लागली की आणा" असं सांगून आमची बोळवण झाली. मी सुटलो म्हणून खूश झालो होतो. बायकोचं समाधान झालं नाही. वर्गात चाळीस पोरं हाताळणाऱ्या बाईला मूल कधी हट्ट करतंय आणि कधी घाबरलंय यातला फरक कळतो. तिने पुण्यातल्या बालनेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिथे तपासायला अक्षरं लागलीच नाहीत. तक्त्यावर चारच आकृत्या होत्या, सफरचंद, घर, चौकोन आणि गोल. ही चित्रं फिनलंडच्या लेआ ह्यूवारिनेन या डॉक्टरांनी बनवलेली. त्यांची गंमत अशी की पुसट दिसायला लागली की चारही सारखीच गोल दिसतात, त्यामुळे मुलाला अंदाजाने ठोकता येत नाही. तपासणाऱ्या मुलीने मनूच्या डोळ्यावर हात ठेवला नाही, चिकटपट्टीच लावली, कारण मुलं बोटांच्या फटीतून बघतात. उजव्या डोळ्याने मनू खालपर्यंत गेली. डाव्याने सगळ्यात वरच्या, पंजाएवढ्या चित्रापाशीच अडकली आणि म्हणत राहिली, "बॉल. बॉल. हा पण बॉल."

मी मागे खुर्चीत बसलो होतो. मला ते घर तिथूनसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

नंबर त्या दिवशी काढला नाही. लहान मुलं डोळ्याच्या आतल्या भिंगावर जोर देऊन खरा नंबर लपवतात, म्हणून तो जोर आधी औषधाने सैल करावा लागतो. आम्हाला ॲट्रोपिनचं मलम दिलं. तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस, आणि मग परत यायचं. मलम लावल्यावर नाकाकडचा कोपरा थोडा वेळ दाबून धरा, स्वतःचे हात धुवा, पोरीला डोळे चोळून बोट तोंडात घालू देऊ नका, ताप चढला तर मलम थांबवून फोन करा, अशा सूचना होत्या. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यात मलम घालणं सोपं जातं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचलं. तिचे गाल लालबुंद झाले, अंग कोमट लागायला लागलं, बाहुल्या एवढ्या पसरल्या की डोळे नुसते काळे दिसत. आई लग्नाहून परत आली होती. तिने मनूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता आत गेली आणि मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आली. ओवाळून गॅसवर टाकल्यावर ठसका नेहमीसारखा आला की नाही यावर आई नि बायको बराच वेळ बोलत होत्या. मला त्या दिवशी त्यावर वाद घालायचं बळ नव्हतं आणि त्याने कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो की मनू एरवी ओरडते. त्या दिवशी अंधार झाला तेव्हा म्हणाली, "इथेच थांबूया." उजेड सोसत नव्हता.

नंबर काढायला पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी तिला काहीच विचारलं नाही. हातातल्या उपकरणातून उजेडाची एक रेघ डोळ्यात फिरवायची, समोर एकामागून एक भिंग धरायचं आणि आतून परत येणारी चमक कशी सरकते ते बघायचं, एवढंच. मूल बोलत नसलं तरी नंबर निघतो. म्हणजे सात-आठ वर्षांची होईपर्यंत थांबायचं काही कारणच नव्हतं. उजवा डोळा प्लस १.५०, डावा प्लस ५.२५.

यापुढचं मॅडमनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. प्लस नंबर असलेलं लहान मूलही आतून जोर लावून स्वच्छ बघू शकतं. पण हा जोर दोन्ही डोळ्यांना एकाच मापाने मिळतो, एकाला कमी नि दुसऱ्याला जास्त असा वाटता येत नाही. मनूच्या उजव्या डोळ्याला दीडचा जोर लागला की चित्र धारदार होई आणि मेंदू तिथेच थांबे. डाव्याला सव्वापाच हवे होते. ते कधी मिळालेच नाहीत. जन्मल्यापासून त्या डोळ्याने एकही स्वच्छ चित्र मेंदूकडे पाठवलेलं नव्हतं. आता, आमच्या धंद्यात चार रंगांच्या चार प्लेटा एकीवर एक तंतोतंत बसाव्या लागतात. एक जरी पुसट आली किंवा सरकली तर चित्राला सावली धरते, गिऱ्हाईक कागद परत करतं. मी अशी प्लेट काढून नवी मागवतो. मेंदूला नवी मागवता येत नाही, म्हणून तो पुसट प्लेट वापरायचीच सोडून देतो. डोळा आतून-बाहेरून ठणठणीत, पडदा चांगला, नस चांगली, पण त्याच्याकडून आलेलं घ्यायला पलीकडे कुणी नाही. याला डॉक्टर ॲम्ब्लिओपिया म्हणतात, बोलीत आळशी डोळा. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो.

"मग चष्मा लावला की दिसेल ना?" मी विचारलं. सगळे बाप हेच विचारत असणार. दिसत नाही. नवा चष्मा आला, घालून तपासलं, तरी डावा डोळा ६/६० च होता. म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारं चित्र तिला सहा मीटरवर आल्यावर दिसतं. चष्मा फक्त चित्र धारदार करून पडद्यावर टाकतो. ते वाचायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं, आणि हे शिकायचं वय असतं. त्या रात्री मी फोनवर बरंच वाचलं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दाद देईनात. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर काही बिघडलं नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसाच्या पोराला मांजरापेक्षा बराच जास्त अवधी असतो, सात-आठ वर्षांपर्यंत सुधारणा चांगली होते, त्यानंतरही थोडीफार होते, पण कष्ट वाढतात आणि भरवसा कमी होतो. साडेचार म्हणजे उशीर नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य रात्रभर घोळवलं.

सुरुवातीचे काही महिने नुसता चष्मा. झोप नि आंघोळ सोडून सतत. भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्यायला लावली, कारण ती सहजी फुटत नाहीत आणि आता उजव्या डोळ्याला इजा होणं परवडणारं नव्हतं. हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. दिवाळीत शेजारच्या पोरांनी लवंगी लावली की मी धावत गॅलरीत. विटी-दांडू दिसला की माझं पोट ढवळायचं.

चष्म्यावर घरोघरी मतं असतात. एवढ्याशा पोरीला चष्मा कशाला, लावला की नंबर वाढतच जातो, गाजरं द्या, गाईचं तूप घाला डोळ्यांत, मोबाईल बघत असेल. एका मावशींनी तर पुढे लग्नात अडेल तेही सांगून टाकलं. मनू तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून चिवडा खात होती. गाजराने नंबर जात नाही आणि चष्म्याने वाढत नाही हे मी प्रत्येकाला समजावत बसलो असतो तर छापखाना सुटला असता. आईने आपल्या पद्धतीने सोडवलं. कुणी तोंड उघडलं की ती म्हणायची, "पुण्याच्या डॉक्टरणीने सांगितलंय," आणि चहा टाकायला उठायची. डाव्या भिंगातून मनूचा डोळा मोठा दिसतो, त्याची मात्र आईला सवय व्हायला वेळ लागला.

नुसत्या चष्म्यानेही काही मुलांचा डोळा पूर्ण सुधारतो, चारातल्या एखाद्याचा. मनू ६/३६ पर्यंत आली आणि थांबली. मग पट्टी.

पट्टी म्हणजे चांगल्या डोळ्यावर, थेट कातडीवर, चष्म्याच्या आत चिकटवायची पट्टी. मेंदूला उजव्याकडून काही मिळालं नाही की झक मारत डाव्याचं घ्यावं लागतं. रोज सहा तास. झोपेचे तास धरायचे नाहीत. दिवसभर लावल्याने सहा तासांपेक्षा जास्त फायदा होत नाही हेही मॅडमनी सांगितलं, नाहीतर आमच्यासारखे घाबरलेले आईबाप बारा तास लावतात.

ऐकायला हे सोपं आहे. करायला बसल्यावर असं होतं की एक व्यवस्थित दिसणारं, हसतं-खेळतं पोर तुमच्यासमोर उभं आहे आणि तुम्ही आपल्या हाताने त्याचं दिसणं काढून घेताय. पट्टी लावली की मनूला पायरी कळत नव्हती. वाटीतली आमटी सांडायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. पहिल्या दिवशी ती हात पुढे करून आपल्या आईला शोधत स्वयंपाकघरात गेली तेव्हा बायको उठून न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली. आणि मनूचा प्रश्न बिनतोड होता, "बाबा, हा डोळा चांगला आहे ना? मग तोच का झाकता? वाईट झाका." मी तिला मेंदू, प्लेटा, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पट्टी उपटून काढली.

पट्ट्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात सापडलं. एकदा बाहुलीच्या तोंडावर. एकदा देवघरातल्या गणपतीच्या डोळ्यावर, तेव्हा आई चिडण्याऐवजी हसायलाच लागली. त्याच दिवसांत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरात डोळ्यावर पट्टी असलेल्या दोघी झाल्या. मनूला पहिल्यांदा आपल्यात कुणी सामील झाल्यासारखं वाटलं. एक दिवस दोघी शेजारी बसून जेवल्या, मनू आजीला चटणी कुठे आहे ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी आईची पट्टी निघाली. मनूने जो आकांत मांडला तो विचारू नका. "आजीची एका दिवसात, माझीच का नाही?" याला आमच्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. आईने काळा चष्मा चढवला आणि म्हणाली, "मला थेंब घालायचेत महिनाभर, तू घाल. मी तुझी पट्टी बघते." थेंब अर्थात बायकोच घालायची, पण बाटली धरायचा मान मनूचा.

खरी गाडी चालवली ती आईनेच. भिंतीवरच्या कालनिर्णयात दूध नि गॅस लिहितो त्याच चौकटीत ती पट्टीचे तास लिहायची. पट्टी लागायची अंगणवाडीतून आल्यावर, जेवण झाल्यावर. डॉक्टर म्हणाल्या होत्या की पट्टी असताना जवळचं, बारीक काम करून घ्या, नुसतं बसवून ठेवू नका. आईला बारीक कामांची काय वाण! तांदूळ निवडणं, मटार सोलणं, मूग नि मटकी मिसळून पुन्हा वेगळी करणं, शेवंतीची फुलं दोऱ्यात ओवणं. सगळ्यात उपयोगी पडली ती ठिपक्यांची रांगोळी. अंगणात आई बोटाएवढ्या अंतरावर ठिपके घालायची आणि मनू खडूने ते जोडायची. सुरुवातीला तीन ते तीन ठिपके, तेही चुकायचे, रेघ भलतीकडेच जायची. श्रावणापर्यंत सात ठिपक्यांचं कासव जमायला लागलं. टीव्ही पट्टी असेल तरच, हा नियम बायकोने घातला आणि त्यात कुणाच्याही रडण्याला सूट नव्हती. पाहुण्यांसमोरसुद्धा.

माझ्या वाट्याला कागद आले. छापखान्यात लग्नपत्रिकांचे वाया गेलेले ताव ढिगाने असतात. ते आणून मी सांगायचो, यातले सगळे 'ग' शोध आणि गोल कर. आधी वधूवरांची नावं, ३६ पॉइंट मापाच्या अक्षरात. मग खाली 'आपले कृपाभिलाषी', १४ पॉइंट. मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वगैरे. मनूला वाचता येत नव्हतं, पण 'ग' ओळखता येत होता, आणि गणपतीचं चित्र सापडलं की बोनस. एका गुरुवारी तिने एका पत्रिकेच्या पार तळचा, आमच्याच छापखान्याच्या नावातला 'ग' शोधला. ८ पॉइंट! मी लगेच बायकोला फोन केला, आता झालंच म्हणून.

पुण्यात तपासलं तर ६/१८. मला पटेना. एवढं बारीक अक्षर वाचणारी पोर, आणि हे काय? मॅडमनी तक्ता बदलून दाखवला. एकेकटं चित्र दाखवलं तर मनू दोन ओळी खाली जात होती. तीच चित्रं ओळीत, दाटीने आली की अडखळत होती. आळशी डोळ्याचं हे लक्षणच आहे, शेजारची अक्षरं एकमेकांत घुसतात. आमच्या छापखान्याचं नाव पत्रिकेच्या तळाशी भरपूर मोकळ्या जागेत, सुटं असतं. अक्षरांमधली जागा मी पोटासाठी रोज बघतो, पण तिचा असा हिशेब कधी केला नव्हता. त्यानंतर मी पत्रिका सोडून वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींचे रद्दी ताव आणायला लागलो. तिथली दाटी कुणालाही घाम फोडणारी.

घामावरून आठवलं, एप्रिल. उन्हाळ्यात पट्टी टिकत नाही. घामाने सुटते, पुन्हा चिकटवली की कातडी ओढली जाते, कडेने लाल चट्टा उठतो, मग पोर तिथे खाजवते आणि सगळंच बिघडतं. काढताना खोबरेल तेल लावून सावकाश काढायची, लावायच्या आधी मात्र कातडी कोरडी हवी. चष्म्यावर चढवायची कापडी पट्टीही आणून पाहिली. तिच्यात मनू मान वाकडी करून वरच्या फटीतून बघायला शिकली, आणि इतकी सफाईने की आईला वाटलं मान अवघडली असेल. शेवटी मे महिन्यात मॅडमनी पट्टी बंद करून शनिवार-रविवार चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब दिला. थेंबाने उजव्याचं जवळचं दिसणं पुसट होतं आणि वाचाय-रंगवायचं काम आपोआप डाव्याकडे जातं. पट्टीइतकाच त्याचा उपयोग होतो हे २००२ सालापासून माहीत आहे. मनूला तो फार आवडला कारण कुणाला दिसत नव्हता. फक्त उन्हात टोपी लागायची. पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा पट्टीवर आलो.

कुणाला दिसत नव्हता, हे तिच्यासाठी मोठं होतं. वाड्यातली पोरं तिला 'डाकू' म्हणायची. मनूने सुरुवातीला त्यावर काही केलं नाही. मग एक दिवस तीच डाकू बनून सगळ्यांना लुटायला लागली आणि कुणी पट्टी मागितली तर देत नव्हती. हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही; आईवर संशय आहे.

बायकोने आपल्या वर्गात दर जूनमध्ये एक खेळ सुरू केलाय. मुलांनी वही एका डोळ्यासमोर धरायची नि फळ्यावरचं सांगायचं, मग दुसऱ्या. यात तिला काही डॉक्टरकी करायची नाही. जे पोर एका बाजूला वही धरायला कां-कू करतं त्याचं नाव ती पथक आल्यावर पुढे देते. दुसरीतला एक मुलगा असा निघाला. त्याचे वडील ऊसतोडीला जातात, सहा महिने गावात नसतात. सहा तास पट्टी कोण लावणार आणि कोण मोजणार, हा प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा आहे. आमच्याकडे आई होती. उपचार डॉक्टरांनी लिहून दिला, पण तो दुपारी एक ते सात या वेळात घरात कुणीतरी बसून करायचा असतो, आणि असं माणूस प्रत्येक घरात नसतं.

मनू साडेसहाची होत आली तेव्हा डावा डोळा ६/९ वर आला. त्याआधी, ६/१८ वर स्थिरावल्यावरच तास सहावरून दोनवर आणले होते. मी धास्तावलो होतो, एवढं चांगलं चाललंय तर कमी का? मॅडम म्हणाल्या की दोष मध्यम असेल तेव्हा दोन तास आणि सहा तास यांचा चार महिन्यांनंतरचा फायदा सारखाच आढळला, २००३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात. पूर्ण बंद मात्र एकदम करायची नाही, डोळा पुन्हा मागे जातो. हळूहळू उतरवायची.

त्याच भेटीत माशीचं पुस्तक पुन्हा काढलं. काळा खास चष्मा घालून बघायचं एक मोठं माशीचं चित्र असतं. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर ती कागदातून वर आलेली दिसते. पहिल्या वर्षी मनूने त्या चित्रावर पंजा सपाट ठेवला होता, पुस्तकातल्या कुठल्याही चित्रावर ठेवावा तसा. या वेळी तिने बोटं कागदाच्या वर, हवेत नेली, पंख चिमटीत धरायला गेली आणि "ई, हिला केस आहेत" म्हणून हात मागे घेतला. पुढच्या बारीक गोलांच्या चाचणीत ती निम्म्यात थांबली. जवळ-लांबची खोली दिसायला लागलीय, पूर्ण नाही; कदाचित तेवढीच राहील असंही मॅडमनी सांगून ठेवलं. मला तेवढीही पुष्कळ वाटते, पण सुईत दोरा ओवताना तिची चिडचिड होते ती त्यामुळेच, हे आता कळतं.

सध्या एक तास पट्टी आहे, शाळेतून आल्यावर गृहपाठाच्या वेळी. ती स्वतः लावते, काढताना कुरकुरते. चष्मा राहणारच, नंबराचा फरक काही जात नाही. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत दर काही महिन्यांनी दाखवायचं. घराण्यात असू शकतं म्हणून मनूच्या धाकट्या भावाला दीड वर्षाचा असताना तीच उजेडाची रेघ फिरवून बघितलं. दोन्ही डोळे प्लस एकच्या आसपास, सारखे. तिसऱ्या वर्षी पुन्हा आणा म्हणाल्या. तपासताना तो आपल्या आईच्या मांडीवर जोरजोरात रडत होता आणि मनू बाजूला उभी राहून त्याला सांगत होती की रडू नको, यात काही विचारत नाहीत.